बॅगा कुणी सांभाळायच्या?

परदेशात फिरायला जायचं म्हटलं की आमच्या भागात पहिला हिशोब शेतीचा निघतो. तेवढ्या पैशात किती एकरांचं ठिबक होईल, बोअर अजून किती फूट खाली नेता येईल, पोरीच्या नावानं किती तोळे घेऊन ठेवता येतील. आमच्या घरीही हा हिशोब झाला. ओट्यावर झाला, जेवताना झाला, पाहुणे आले तेव्हा त्यांच्यासमोर पुन्हा झाला. आणि तो चुकीचा नव्हता. केळीच्या घरात पैसा येतो तो हंगामात एकदा, आणि मे-जूनमधल्या एका वादळात उभ्या बागेसकट आडवा होतो. निसवलेली, म्हणजे घड धरलेली बाग सकाळी जमिनीवर झोपलेली ज्यांनी पाहिली आहे, ती माणसं चैनीला दबकतात ते उगाच नाही.

तरी आम्ही सिंगापूरला गेलो. चोपडा तालुक्यात तापीकाठी आमचं गाव. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, हे शेती पाहतात. त्या वर्षी भाव बरा मिळाला होता, मुलांची आणि माझी सुट्टी एकच, म्हणून मे महिना धरला. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, बरोबर येणार हे ह्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. सासरे, म्हणजे मामाजी, येणार नाहीत हे मामाजींनी ठरवलं होतं. पारा ४५ ला टेकलेला, बागेला रोज पाणी हवं, वीज कधी दिवसा तर कधी रात्री. मोटार सुरू करायला घरचं माणूस लागतं. त्यांच्या म्हणण्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं.

सिंगापुरात काय पाहावं, कुठं उतरावं, कोणता पास घ्यावा हे सांगणारे पुष्कळ आहेत, त्यात मी भर घालत नाही. मला लिहायचंय ते थीम पार्कातल्या बाकड्याबद्दल, आणि त्या बाकड्यावर सगळ्या घराच्या बॅगा सांभाळत बसलेल्या बाईबद्दल.

आत्याबाईंचा पासपोर्ट काढताना जन्मतारीख १ जून लागली. त्यांच्या वयाच्या आमच्या गावातल्या निम्म्या माणसांची ती तीच आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजानं टाकलेली. खरी तारीख त्यांना माहीत नाही, पाऊस लागून गेला होता आणि घरात कापूस वेचायला बायका होत्या एवढं आईनं सांगितलेलं आठवतं. म्हणजे तो जून नव्हताच. पण कागदावर जून आहे आणि कागदावर त्या साठीच्या पुढं आहेत, म्हणून पार्कात ज्येष्ठांचं तिकीट मिळालं. अंगठ्याची मला काळजी होती. आयुष्यभर निंदणी, कापणी, चुलीची राख. रेशनच्या यंत्रावर त्यांचा अंगठा बऱ्याचदा उठत नाही आणि मग खोबरेल लावून, पुसून, पुन्हा पुन्हा ठेवावा लागतो. चांगी विमानतळावर यंत्रासमोर उभं राहिल्यावर चेहरा आणि डोळे टिपले गेले आणि फाटक उघडलं. आत्याबाई पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या, वळून आमची वाट बघू लागल्या. घरातून सगळ्यांत आधी त्या परदेशात शिरल्या.

निघण्याआधीच्या तयारीत एक गोष्ट खान्देशातल्या बायकांनी नीट लक्षात ठेवावी अशी आहे. सिंगापूरला खसखस नेता येत नाही. त्या दाण्यात मॉर्फिनचा अंश असू शकतो म्हणून तिथं तो अमली पदार्थांच्या कायद्यात येतो. आमच्या काळ्या मसाल्यात खसखस, लाडवांत खसखस. त्यामुळे मसाल्याची पुडी घरीच राहिली आणि बॅगेत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि भाजलेले दाणे गेले. गुटखा, खैनी, चघळायची तंबाखू हेही तिथं बंद आहे. च्युइंगम तर १९९२ पासून आणता येत नाही, हे मुलांना फार नवलाचं वाटलं. उतरण्याआधीच्या ३ दिवसांत एसजी अरायव्हल कार्ड, म्हणजे तिथल्या प्रवेशाचा फॉर्म, ऑनलाइन भरावं लागतं, ते फुकट असतं. त्याचे पैसे मागणाऱ्या साइटच्या नादी लागू नये.

आणि बूट. आत्याबाईंनी आयुष्यात बूट घातले नव्हते. काळ्या मातीनं टाचांना भेगा, पायात चप्पल, ती बांधावर पोचली की हातात. पार्कात दिवसभर चालायचं म्हणून चोपड्याच्या दुकानातून त्यांना बूट घेतले. दुकानदार नाडी नसलेले दाखवत होता. त्यांनी नाडीवालेच मागितले. नातीनं त्यांना बांधायला शिकवलं. हॉटेलात पहिल्या सकाळी मी उठले तेव्हा त्या आंघोळ करून पलंगाच्या कडेला बसलेल्या होत्या, साडी घोट्याच्या वर धरून. डाव्या बुटाची नाडी. एक फासा केला, तो बोटानं दाबून धरला, दुसरा करताना पहिला सुटला. पुन्हा. घाई नव्हती, चिडचिड नव्हती. वाती वळताना असतं तसं तोंड, ओठ थोडे दुमडलेले. तिसऱ्यांदा गाठ बसली. मग त्यांनी ती मुद्दाम सोडली आणि परत बांधली, ती खरंच जमली का ते बघायला. मी डोळे मिटून पडून राहिले. तो वेळ त्यांचा होता.

ते थीम पार्क म्हणजे युनिव्हर्सल स्टुडिओज, सेंटोसा बेटावर आहे. व्हिवोसिटी नावाच्या मोठ्या मॉलमधून मोनोरेल निघते ती समुद्रावरून बेटावर नेऊन सोडते. २०१० मध्ये सुरू झालेलं हे आग्नेय आशियातलं पहिलं युनिव्हर्सल. आत वेगवेगळे भाग पाडलेले आहेत: इजिप्त, जुनं न्यूयॉर्क, डायनासोरांचं जंगल, परीकथेतला किल्ला. आमच्याकडच्या मेच्या मानानं ऊन काहीच नव्हतं, पण हवा ओली. विषुववृत्त जेमतेम सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर. घाम वाळतच नाही. दुपारनंतर एक सर येऊन जाते आणि कुणी पळत नाही.

पार्कात शिरल्यावर पहिल्याच मोठ्या राइडपाशी ती गोष्ट घडली. कुणी न सांगता घडली. ह्यांनी पाठीवरची बॅग काढली, मुलीनं तिची काढली, मी माझी पर्स आणि पाण्याच्या बाटल्यांची पिशवी काढली, आणि सगळं आत्याबाईंच्या हातात गेलं. त्यांनी ते हात पुढं करूनच घेतलं. "तुम्ही जा. मी बठस आठे, थैल्या सांभाळस." झाडाखाली बाकडं होतंच. बॅगा मांडीवर आणि दोन्ही बाजूंना लावून त्या अशा बसल्या, जणू तिकीट त्याचंच काढलं होतं.

राइडवरून परत येताना मी त्या बाकड्यांची रांग बघत आले. एका बाकड्यावर तमिळ आजी, केसात अबोलीचा गजरा, मांडीवर तीन बॅगा. तिच्या पलीकडे चिनी आजी, हातात कागदी पंखा, पायाशी नातवंडांच्या पाठीवरच्या पिशव्या. त्यापलीकडे डोक्याला रुमाल बांधलेली, मलय किंवा इंडोनेशियन असावी, एका हातानं रिकामी बाबागाडी पुढंमागं हलवत होती, आत बाळ नव्हतं, सामान होतं. वेगवेगळ्या मुलखांच्या, वेगवेगळ्या भाषांच्या बायका एका ओळीत एकच काम करत बसल्या होत्या. चिनी आजीनं आत्याबाईंना पंख्यानं वारा घातला होता. त्या दोघी एकमेकींकडे बघून हसत होत्या. त्यांना एकमेकींचं सगळं कळलेलं दिसत होतं.

अशा दोन राइड झाल्या. तिसऱ्या वेळी बॅगा पुन्हा त्याच दिशेनं निघाल्या तेव्हा माझी मुलगी म्हणाली, "आजीचं तिकीट आपण बाकड्यासाठी काढलंय का?"

ती रागावून म्हणाली नाही, खरंच विचारत होती. पण आम्ही सगळे थांबलो. मला माझ्या आईचे सगळे प्रवास आठवले. सप्तशृंगीला गेलो तेव्हा आई खालीच, कारण धाकटा झोपला होता. उनपदेवच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर आई काठावर, कारण कपडे आणि डबे कुणी बघायचे. कुठल्याही जत्रेचा, लग्नाचा, सहलीचा फोटो काढून बघा. त्यात नसलेली एक बाई असते, सामानाजवळची. मनुदेवीला मोठा धबधबा आहे. आमच्या घरच्यांनी तो दर पावसाळ्यात पाहिला आणि आत्याबाईंनी दर पावसाळ्यात तिथं चुलीवर वरण-बट्टी केली. हे कुणी दुष्टपणानं करत नाही. बायका स्वतः हात पुढं करतात, इतर ते प्रेमानं स्वीकारतात आणि आयुष्य निघून जातं. मला वाटतं, सहल खरंच सगळ्या घराची होती का हे ठरवायला एकच प्रश्न पुरतो: बॅगा कुणाजवळ होत्या?

बाकी उपाय साधा आहे. लॉकर. मोठ्या रोलरकोस्टरांजवळचे लॉकर ठरावीक वेळेपुरते फुकट असतात, पाण्याच्या राइडजवळच्यांना पैसे पडतात. आमचं सगळं सामान एका खणात मावलं. ह्यांनी दार लावलं, आकडा मुलाकडून पाठ करून घेतला, आणि आत्याबाई मोकळ्या हातांनी उभ्या राहिल्या. त्यांना ते हात कुठं ठेवावेत कळेना. आधी खांद्यावरच्या ओढणीशी गेले, मग पाठीमागे, मग नातवाच्या खांद्यावर.

सगळ्याच राइड साठीच्या माणसासाठी नसतात, हे इथं स्पष्ट लिहायला हवं. लाल आणि निळा असे जोडीनं धावणारे दोन रोलरकोस्टर आहेत, उंची ४२.५ मीटर, १२५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला तिथं प्रवेश नाही, आणि रक्तदाब, हृदय, मान, पाठ यांचा त्रास असलेल्यांनी बसू नये अशी पाटी लावलेली असते. आत्याबाईंना रक्तदाबाची गोळी सुरू आहे. निघण्याआधी चोपड्याच्या डॉक्टरांना दाखवून, कशात बसलेलं चालेल हे विचारून घेतलं होतं. म्हणून मोठे रोलरकोस्टर त्यांच्या वाट्याला नव्हते. डायनासोरांच्या जंगलातली पाण्याची राइड घ्यायची ठरली. तिथली पाटीही नीट वाचून घेतली.

एक्स्प्रेस पास म्हणून जास्तीचे पैसे भरून वेगळ्या, छोट्या रांगेतून जाता येतं. आम्ही घेतला नाही. पैसे वाचवायचे हे कारण होतंच, पण ताटकळणाऱ्या लेकरांच्या शेजारून पुढं निघून जाणं मला पटत नाही. आणि त्या लांबलचक रांगेतच आत्याबाईंनी सारंगखेड्याची गोष्ट सांगितली, जी मी लग्न होऊन आल्यापासून कधी ऐकली नव्हती.

त्यांचं माहेर शहादा तालुक्यातलं. मार्गशीर्षात दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते, घोड्यांचा बाजार भरतो, दूरदूरच्या राज्यांतून घोडे येतात. वडील बैलगाडी जुंपून सगळ्यांना न्यायचे. तिथं लाकडी पाळणा असायचा, माणसं हातानं फिरवायची. वडिलांनी भावांना पैसे दिले. ही थोरली, कडेवर सगळ्यांत धाकटा, हातात दशम्यांचं गाठोडं. भाऊ वर जायचे, खाली यायचे, वरून हाका मारायचे, "बाई, नदी दिसस, नदी!" तिला नदी पाहायची होती. वरून तापी कशी दिसते ते. पुढच्या वर्षी बसशील, असं वडील म्हणाले. पुढच्या वर्षी ती नऊ-दहा वर्षांची झाली होती आणि मोठ्या पोरींनी पाळण्यात बसायची रीत नव्हती.

हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. पाळणा कसा होता ते नातवाला समजावून सांगत होत्या, हातांनी चाक काढून दाखवत होत्या. रांग पुढं सरकत होती.

राइडपाशी आल्यावर त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "आत्याबाई, नको वाटत असेल तर इथून बाहेर पडायला वाट आहे." त्या म्हणाल्या, "माले काय व्हस? मी बी बठसू." त्या दिवशी त्यांनी नणंदबाईंनी दिलेला पंजाबी ड्रेस घातला होता. गावात त्यांना मी साडीशिवाय पाहिलेलं नाही. सकाळी दार उघडून बाहेर आल्या तेव्हा ओढणी डोक्यावर होती, मोनोरेलमध्ये खांद्यावर आली, आणि इथं मुलीनं ती त्यांच्या कमरेला गुंडाळून गाठ मारून दिली. फोटो गावात पाठवायचे नाहीत, एवढं त्यांनी सकाळीच बजावलं होतं.

गोल तराफा असतो. माणसं वर्तुळात, एकमेकांकडे तोंड करून बसतात. पाणी पंपांनी सतत ढकललेलं असतं आणि तराफ्याला दिशा नसते, तो कडेला आपटतो, गरकन फिरतो, म्हणून पाण्याची लाट कुणावर येणार हे कुणालाच सांगता येत नाही. झाडांमधून डायनासोर मान काढतात. मग तराफा एका अंधाऱ्या इमारतीत शिरतो, खालचा तळ त्याला उचलून वर नेतो, पुढचं दार उघडतं आणि तराफा धाडकन खाली पाण्यात जातो.

आत्याबाई ओरडल्या. मी त्यांचा आवाज रोज ऐकते, बागेतून हाक मारतानाचा, नातवंडांवर ओरडतानाचा, कीर्तनातला. हा आवाज मी ऐकलेला नव्हता. मोठा, उघडा, लहान मुलीचा. पाणी त्यांच्या डोक्यावरून गेलं, केस सुटले, कपाळावरचं कुंकू ओघळून नाकापर्यंत आलं, आणि त्या हसत होत्या, तोंडावर हात न धरता. आमच्याकडे बाई हसली की पदर तोंडाशी जातो. त्या ओरडण्याला इथं कुणी बघणारं नव्हतं. समोर बसलेलं कुटुंब कोण कुठलं, तेही ओरडतच होतं. गावात त्या कुणाची तरी सून, कुणाची तरी सासू, भजनी मंडळातल्या, बचत गटाच्या अध्यक्षा. त्या तराफ्यात त्या फक्त भिजलेल्या होत्या. परदेशी सहलीनं त्यांना नेमकं काय दिलं असं कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. तिथल्या उंच इमारती जळगावातल्या टीव्हीवरही दिसतात.

उतरल्यावर ओले केस पिळत त्या म्हणाल्या, "आखो एकदाव जाऊत." आम्ही गेलो. परत रांगेत लागून गेलो.

थीम पार्कात सगळंच चांगलं आहे असं नाही. जवळजवळ प्रत्येक राइडची बाहेर पडायची वाट दुकानातूनच काढलेली असते, आणि नुकत्याच आनंदानं फुललेल्या लेकराला त्या दुकानातून रिकाम्या हातांनी बाहेर काढणं आईबापाला जड जातं. मुलांना निघण्याआधीच रक्कम ठरवून द्यावी, ती त्यांच्याच हातात द्यावी. मुलगा दिवसभर प्रत्येक खेळणं उचलून डॉलरचे रुपये करत होता, आणि शेवटी त्यानं काहीच घेतलं नाही, कारण एवढ्या पैशात गावातल्या दुकानातून किती क्रिकेट बॉल येतात ते त्याला पाठ होतं. पाणी विकत घ्यायची गरज नाही. सिंगापुरात नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, रिकाम्या बाटल्या नेल्या की भरतात.

त्या पाण्यावरून आत्याबाईंचे प्रश्न सुरू झाले. गार्डन्स बाय द बे नावाच्या मोठ्या बागेतल्या काचेच्या थंडगार घुमटात ३५ मीटर उंचीवरून धबधबा सोडला आहे. लोक फोटो काढत होते आणि त्या विचारत होत्या, एवढं पाणी वर कुठून चढवतात, मोटार किती एचपीची, लाइट जात नाही का. मी त्यांना वाचलेलं सांगितलं, की या देशाला स्वतःची मोठी नदी नाही. मलेशियातल्या जोहोरमधून पाणी येतं, त्याचा १९६२ चा करार २०६१ पर्यंत आहे. पावसाचं पाणी तलावांत साठवतात, समुद्राचं पाणी गोडं करतात आणि वापरलेलं पाणी शुद्ध करून पुन्हा वापरतात. आमच्या एका जळगाव जिल्ह्यात असे पंधरा-सोळा देश मावतील आणि आमच्याकडे तापी आहे. त्या बराच वेळ वर बघत राहिल्या. यावल-रावेरकडे बोअर दरवर्षी किती खोल जातात ते त्यांना माहीत आहे, त्यांची बहीण तिकडेच दिलेली आहे.

खरेदीला आम्ही लिटल इंडिया या भारतीय वस्तीच्या भागात गेलो. दुपारी सेरंगून रोडवरच्या कोमला विलासमध्ये जेवलो. १९४७ पासूनची शाकाहारी खाणावळ आहे, भात-सांबार पोटभर मिळतं आणि जीव थाऱ्यावर येतो. त्याच दिवशी एका सुपरमार्केटात आत्याबाई केळ्यांपुढं थांबल्या. फणीवर स्टिकर, फिलिपिन्सचा. त्यांनी फणी उचलली, उलटी केली, देठ पाहिला, प्रत्येक केळ्यावरून अंगठा फिरवला. हाच तो अंगठा, रेशनच्या यंत्रावर न उठणारा. एकही डाग नव्हता. "हाऊ माल आपला नही," त्या म्हणाल्या, आणि मग, "यास्ना केळास्ले डाग कसा नही?"

उत्तर ह्यांना माहीत होतं. जगात सर्वांत जास्त केळी भारतात पिकतात. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ही फिलिपिन्सची केळीही आपल्या ग्रँड नैन जातीसारखीच कॅव्हेंडिश कुळातली. फरक निगा राखण्याचा आणि हाताळणीचा. निर्यातीच्या मालात घडाला झाडावरच पिशवी घालतात, बागेजवळच फण्या सोडवून पाण्याच्या टाकीत धुतात, मध्ये फोम घालून खोक्यात भरतात. आमच्याकडे अजून कितीतरी माल खांद्यावरून ट्रकमध्ये जातो, घडावर घड. आता आपल्या भागातूनही आखाती देशांत माल जाऊ लागला आहे आणि ही कामं शिकलेल्या मजुरांच्या टोळ्या तयार झाल्या आहेत, पण सगळ्या बागांना ते परवडत नाही. आत्याबाईंनी ती फणी विकत घेतली. हॉटेलात बसून एक केळं सोलून खाल्लं, शांतपणे. आपल्यापेक्षा गोडी कमी, असा निकाल दिला. मलाही तसंच वाटलं.

संध्याकाळी मुस्तफा सेंटर. उत्तर प्रदेशातून आलेल्या एका कुटुंबानं १९७० च्या दशकात छोट्या कापड दुकानापासून सुरू केलेलं हे दुकान आता इतकं मोठं आहे की माणसं हरवतात, आणि रात्री उशिरापर्यंत उघडं असतं. आत शिरताना दारावरचा माणूस आपल्या हातातल्या पिशव्यांची तोंडं प्लॅस्टिकच्या पट्टीनं बांधून देतो.

गावाकडून आलेली यादी मोबाइलवर होती. भाच्यांना चॉकलेट, जावेला परफ्यूम, शेजारच्या काकूंना टायगर बाम, दोन डब्या. तो बाम मूळचा रंगूनमधल्या एका चिनी वैद्याचा, त्याच्या मुलानं १९२० च्या दशकात धंदा सिंगापूरला आणला आणि जगभर नेला. आमच्या ओट्यावर गुडघे धरून बसणाऱ्या बायकांपर्यंत तो पोचला आहे. अशा याद्यांना काही लोक वैतागतात. मला वैताग येत नाही. ज्यांनी आमच्यामागे घर बघितलं, म्हशीला वैरण टाकली, मामाजींना वेळेवर भाकरी दिली, त्यांच्या हातावर काहीतरी ठेवायलाच हवं. पूर्वी काशीहून आलं की गंगेचं पाणी वाटत, मावंदं घालत. देणं तेच आहे.

मामाजींनी फक्त एक चांगली बॅटरी मागितली होती. रात्री पाण्यावर जाताना लागते. ह्यांनी मोठी, हातात धरायची एक उचलली होती. आत्याबाईंनी ती परत ठेवली आणि डोक्याला पट्ट्यानं बांधायची शोधून काढली. व्हॉल्व्ह फिरवायला दोन हात लागतात, एका हातात बॅटरी धरून ते कसं करणार, असं त्यांचं म्हणणं. साप-विंचवाच्या वाटेवर दोन्ही हात मोकळे हवेत. इतकी वर्षं ते बॅटरी काखेत किंवा दातांत धरून पाणी लावतात, हे त्यांनी त्या झगमगत्या दुकानात उभ्याउभ्या सांगितलं.

यादी संपली. मी विचारलं, "आणि तुम्हाला काय घ्यायचं?" त्यांना माहीत होतं. पार्कातल्या त्या चिनी आजीच्या गळ्यात तिरकी अडकवलेली छोटी पर्स होती, तशी. निळ्या रंगाची मिळाली. त्यांनी कमरेचा बटवा तिथंच रिकामा केला: गोळ्या, सुपारी, घडी घातलेल्या नोटा, चष्मा, पासपोर्ट. सगळं पर्समध्ये बसलं. चेन लावली, उघडली, पुन्हा लावली.

एका दुकानातून १०० सिंगापूर डॉलर किंवा त्याहून जास्त खरेदी झाली असेल तर पर्यटकाला जीएसटी परत मागता येतो. तिथं तो ९ टक्के आहे, फी कापून उरलेले पैसे मिळतात. खरेदी करतानाच पासपोर्ट दाखवावा, आणि ज्या वस्तू मोठ्या बॅगेत जाणार असतील त्यांचं काम चांगीवर बॅगा देण्याआधी यंत्रावर उरकावं. हे काम आमच्या मुलीनं केलं.

घरी आल्यावर बॅटरी मामाजींनी त्याच रात्री डोक्याला बांधली. बोलले काही नाहीत, पण सकाळी तिचा पट्टा धुऊन दोरीवर वाळत घातलेला होता. मोटार महिनाभर एका भरवशाच्या माणसाकडे देता येईल का, हा विषय आता घरात निघतो. माणूस मिळाला तर मामाजींच्या पासपोर्टचे कागद जमवायचे आहेत.

फोटोंचं वेगळंच झालं. पाठवू नका म्हणणाऱ्या आत्याबाईंनी स्वतःच बचत गटाच्या बैठकीत मोबाइल फिरवला. तराफ्यातला फोटो, केस सुटलेला, ड्रेस भिजलेला. बायका आधी गप्प झाल्या. मग एकीनं विचारलं, भीती नाही वाटली? दुसरीनं विचारलं, किती पैसे पडतात? सिंगापूर त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं, पण खोपोलीजवळ इमॅजिका नावाचं थीम पार्क आहे हे माझ्याकडून कळल्यावर हिशोब सुरू झाला. बसचं भाडं किती, माणशी काय पडेल, गटाच्या वहीत वेगळं पान काढायचं का. आत्याबाईंनी एक अट घातली: लॉकरचे पैसे आधी बाजूला काढायचे, सामानापाशी कुणी थांबायचं नाही. कांदेबागेची, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या केळीची लागवड आटोपली की जायचं म्हणतात. म्हशींचं दूध कोण काढणार, यावर दोन-तीन घरांत अजून बोलणी चालू आहेत.